सुटली

मुंबई गाडीचं मागचं चाक निघून फलाटावर आडवं पडलं होतं आणि ड्रायव्हर बाबालाल मुलाणी जॅकवर ओणवा होऊन त्या जॅकच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. गाडीची वेळ पावणेसातची. सात वाजत आले तसे उतारू कुरकुरू लागले, म्हणून मी कंट्रोलरच्या खोलीतून बाहेर आलो आणि त्यांना बिबट्याची गोष्ट सांगायला घेतली.

ही माझी ठेवणीतली. खंबाटकीच्या घाटात एक बिबट्या आमच्या पुणे गाडीच्या टपावर उतरला, आंब्याच्या पाट्यांवर झोपला आणि स्वारगेटला जागा झाला. कंडक्टर नियमाचा पक्का. त्याने वर चढून तिकीट फाडलं.

"लगेजचं का माणसाचं?" एका म्हातारीने विचारलं.

"अर्धं," मी म्हणालो. "वय विचारलं तर तो काही बोलेना."

लोक हसले आणि चाक विसरले. कोळेगावच्या एस.टी. स्टँडवर मी सदतीस वर्षं कंट्रोलर होतो. तक्त्यात गाड्यांच्या वेळा लिहिणं हे कागदावरचं काम. खरं काम म्हणजे गाडी नसताना माणसं शांत ठेवणं. त्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. 'शेट्यांची थाप' असा शब्दच पडला होता डेपोत. पुढे त्याचं काय झालं ते ओघात येईलच.

बाबालाल मान वर न करता म्हणाला, "सायेब, वहिनी या गाडीनं निघणार हुत्या न्हवं? अजून पाऊण तास तरी जातोय. घरला जाऊन सांगा. म्हणावं, घाई नगं, सावकाश या."

हा निरोप घेऊन मी घराकडे निघालो. घर ओढ्यापलीकडे, मुंबईच्याच रस्त्याच्या वळणावर. चालायला सात मिनिटं. तेवढ्यात तुम्हाला मागचं सांगून टाकतो.

माझी बायको शैलजा. लग्न झालं तेव्हा इंटर सायन्स झालेली होती. बी.एस्सी. तिने आमच्या घरातून केली, शेवटच्या परीक्षेला आमची छबी पोटात सहा महिन्यांची होती. पहिला वर्ग मिळाला. मग छबी दोन वर्षांची झाल्यावर तिने कुणाला न सांगता डॉक्टरकीचे दोन अर्ज टाकले, एक पुण्याला, एक मुंबईला. साल अडुसष्ट. आमच्या तालुक्यात तोवर लेडी डॉक्टर बघायची तर फोटोत. आणि एका आठवड्यात दोन्हीकडून पत्रं आली, जागा आहे, या.

गावाने पेढे मागितले. घरात मात्र दोन पत्रं दोन सवतींसारखी फळीवर बसली.

पुणं अडीच तासांवर. पण तिथे मुलींच्या वसतिगृहात मूल चालणार नव्हतं. छबी आमच्याकडे, माझ्या आईजवळ, आणि शैलजा दर रविवारी घरी. मुंबईला तिची सख्खी मावशी होती, गिरगावात. ती म्हणाली, लेकीला घेऊन ये, दिवसा मी बघते, संध्याकाळी तू. म्हणजे तिकडे छबी तिच्यापाशी, आणि मी इथे फलाटावर, साडेपाच वर्षं.

"पुण्याला गेले तर मी रविवारची आई होईन," ती म्हणाली.

"आणि मुंबईला गेलीस तर मी दिवाळीचा बाप," मी म्हणालो.

ती हसली नाही. मलाही ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं, पण सवय.

आई मात्र तिच्या बाजूची. जा म्हणाली, पोर घेऊन जा, याच्या भाकरीचं मी बघते. "नाही तरी आमच्या घरात दोघंच थापणारे, मी भाकरी आणि हा लोकांना."

पुण्याला सोमवारपर्यंत जायचं होतं. मुंबईची मुदत मात्र त्या गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. ती पावणेसातची गाडी सुटली, की मागची साडेदहाची पोचेपर्यंत तिथे कचेरीला कुलूप. बुधवारी दुपारी छबीला ताप भरला. संध्याकाळी तिने मला एक बंद पाकीट दिलं, वर पुण्याच्या कॉलेजचा पत्ता. म्हणाली, शेवटच्या पुणे गाडीला द्या, कंडक्टरला सांगा, उद्या कचेरी उघडली की हातात नेऊन द्यायचं. आमच्याकडे ही रीतच होती. डबे, औषधं, पत्रिका, चष्मे, सगळं कंडक्टरच्या हाती जायचं, टपालाच्या आधी पोचायचं. जगदाळे नावाचा कंडक्टर होता, त्याचा पुण्यात मुक्काम असायचा, त्याला मी पाकीट दिलं. आत काय आहे हे मी विचारलं नाही. मला वाटलं, दाखल्यांच्या नकला असतील, पुण्याची वाट उघडी ठेवतेय. मनातून बरंच वाटलं.

पहाटे ड्यूटीवर निघताना ती छबीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "ताप उतरला तर निघते. नाहीतर राहिलं."

मी त्याचा अर्थ लावला, नाहीतर मुंबई राहिली.

आता एक शेवटची गोष्ट सांगतो आणि घराच्या दारात पोचतो. माझ्या थापांवर शैलजाने लग्नानंतर महिन्याभरातच उतारा काढला होता. मी बिबट्या आणला, मगर आणली, साताऱ्याच्या कलेक्टरला अर्ध्या रस्त्यात उतरवलं, ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "माझी शपथ आहे तुम्हाला, खरं सांगा." शपथ घातली की मी खरं बोलायचो. "मांजर होतं," मी सांगायचो. मग ती हसून म्हणायची, "सुटली." शपथ सुटली, की मी पुन्हा मोकळा, पुन्हा बिबट्या. लहान पोरांचा खेळ तो. ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं, नाहीतर ती मानेवर बसून राहते. आम्ही तो खेळ चार वर्षं खेळलो, आणि त्या चार वर्षांत शपथेवर मी तिच्याशी एकदाही खोटं बोललो नव्हतो. हे खरं आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

तर मी दारात पोचलो. ट्रंक उंबऱ्याला लावून ठेवलेली. तिच्यावर तिखटमिठाच्या पुऱ्यांचं फडकं, छबीची लाकडी बाहुली, तिचं पितळी फुलपात्र. छबी कानटोपी घालून उभी, तोंड उतरलेलं पण कपाळ गार. शैलजा तिचे बंद बांधत होती. आणि समोरच्या भिंतीवर, जिथे आमचा लग्नातला फोटो असायचा, तिथे चुन्याचा एक स्वच्छ चौकोन होता.

तो चौकोन मी पाहिला. पाऊण तास आहे, सावकाश चल, हे वाक्य तोंडात तयार होतं.

"गाडी लागली का?" तिने विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

"गेली म्हणजे?"

"आज वेळेवर निघाली. बाबालालच्या अंगात आलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. "टपावर कोण होतं?" ती म्हणाली. मी हसलो असतो तर अजूनही जमलं असतं. मी हसलो नाही. तशी तिने छबीला खाली बसवलं आणि उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"माझी शपथ आहे तुम्हाला. खरं सांगा. सुटली?"

"सुटली," मी म्हणालो.

आता माझं डोकं कसं चालतं बघा. तो शब्द तोंडातून बाहेर पडताक्षणी मी मनात म्हणालो, मी खोटं बोललोच नाही. तिने शपथ घातली, आणि 'सुटली' हा शब्द उच्चारला गेला. शपथ सुटली, हिशेब मिटला. कुणी म्हणायचा असतो ते जरा इकडचं तिकडे झालं. आणि नुकसान तरी काय? मुंबई नाही तर पुणं. डॉक्टरीण ती होणारच. मी फक्त एक गाडी बदलली. कंट्रोलर रोज बदलतो.

शैलजा ट्रंकेवर बसली. बराच वेळ बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. छबीला वारं लागेल म्हणून मी पुढचं दार लोटून कडी घातली.

मग शैलजा उठली आणि एकेक वस्तू जागेवर ठेवू लागली. फुलपात्र. बाहुली. मी मदत करत होतो. चांगलंच निभावत होतो मी. आणि साडेसातच्या पुढे कधीतरी वळणावर हॉर्न वाजला. बाबालालचा हॉर्न गावात कुत्र्यांनासुद्धा ओळखू यायचा, दोन आखूड आणि एक लांब. तो आमच्या दाराशी आला तेव्हा गाडी मंद झाली. पुन्हा वाजला. दाराला कडी. मग गिअर पडला आणि आवाज पुलावरून पुढे गेला.

शैलजा हातात छबीचं परकर-पोलकं धरून ऐकत होती.

"ही कुठली?" तिने विचारलं.

"लोणंद," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. परकर-पोलक्याची घडी उलगडली. आत आमचा फोटो होता. तिने तो पदराने पुसला, खुर्ची ओढली, वर चढली आणि भिंतीवर लावला. "छबी तुमचं तोंड विसरू नये म्हणून घेतला होता," ती खाली उतरताना म्हणाली.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, जाऊ दे, सोमवारी मी रजा टाकतो, आपण पुण्याला जाऊ, मी स्वतः तुला वसतिगृहात पोचवतो.

"पुण्याला कशाला?"

"प्रवेश घ्यायला."

"काल तुमच्या हातात पाकीट दिलं होतं," ती म्हणाली. "त्यात नकार होता. माझ्याखाली यादीत कुणीतरी मुलगी असेल. तिची जागा कशाला अडवायची."

मी घड्याळ पाहिलं. आठला दहा कमी. कचेरी साडेदहाला उघडते. मी धावत सुटलो. चपला घरीच राहिल्या होत्या हे स्टँडवर पोचल्यावर कळलं.

त्या काळी पुण्याला फोन लागायचा म्हणजे नशीब लागायचं. नऊ वाजून गेल्यावर लागला. तिकडे कंट्रोलर कानिटकर, माझा दोस्त. मी म्हणालो, जगदाळे कंडक्टरला गाठा, त्याच्याकडे एक पाकीट आहे, ते देऊ नको म्हणावं, परत आण.

"पाकिटात काय आहे हो शेटे? बिबट्याचं पिल्लू?"

महिन्यापूर्वी मीच त्याला फोन करून सांगितलं होतं की गाडीच्या टपावर बिबट्या येतोय, फलाट रिकामा करा. त्याने केलाही होता. डेपो मॅनेजरसमोर त्याची शोभा झाली होती.

"कानिटकर, हे खरं आहे. माझ्या बायकोच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आईशपथ."

तिकडे तो कुणाला तरी सांगत होता, ऐका, आज नवीन आहे, आज बायको आहे. चारपाच माणसं हसल्याचं ऐकू आलं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. लाइन तुटली. पुन्हा लागली तेव्हा अकरा वाजले होते.

जगदाळे दुपारी तीनला परतला. उतरला तोच माझ्या खिडकीशी आला, छाती काढून. "सायबांच्या घरचं काम म्हणून हापिस उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. पहिलाच लंबर. ही घ्या पोच, सही-शिक्क्यानिशी." मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार.

सोमवारी मी एकटाच पुण्याला गेलो. ती आली नाही. कारकून भला होता, त्याने पत्र काढून दाखवलं. तिचं गोल, सरळ अक्षर. 'मी स्वखुशीने ही जागा सोडत आहे. माझ्यामागील मुलीचा खोळंबा होऊ नये म्हणून आजच कळवते.' कारकून म्हणाला, अशी पत्रं कुणी लिहीत नाही हो साहेब. यादीतल्या पुढच्या मुलीला त्यांनी त्याच दिवशी तार केली होती. ती शनिवारी बापाला घेऊन आली आणि नाव घालून गेली. आनंदाने रडत होती म्हणे.

पण गुरुवारची संध्याकाळ सांगायची राहिली. घरी गेलो तेव्हा तिघी पानावर बसल्या होत्या, प्रवासाच्या पुऱ्या खात होत्या. मलाही वाढल्या. आई आणि छबी झोपायला गेल्यावर मी शैलजाला म्हणालो, "अगं, ती सकाळची शपथ. सुटली म्हण."

तिने ताट उचललं.

"कशाला? खरंच बोललात ना? मग शपथेचं ओझं कसलं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्यासारख्याला, ज्याने बिबट्याचं वय विचारलं, त्याला पाच शब्द जुळवता आले नाहीत.

पुढच्या वर्षी मी अर्ज आणून दिला. त्याच्या पाठीमागे तिने वाणसामानाची यादी केली. तोवर आमचा मुलगा होऊ घातला होता. मग ती गावच्या कन्याशाळेत लागली. एकतीस वर्षं तिने शास्त्र शिकवलं. बेडकाच्या पोटातलं दाखवताना तिचा हात जराही हलायचा नाही, असं मुली सांगायच्या. त्यांतल्या नऊ जणी डॉक्टर झाल्या. प्रत्येकीला ती स्टँडवर पोचवायला यायची, गाडीच्या वेळेआधी तासभर. माझ्या खिडकीशी वेळ विचारायची नाही. मुलीला उभी करून स्वतः फलाटावर जायची आणि पाटी वाचून यायची.

भांडली नाही कधी. भांडली असती तर मला बोलायला जागा मिळाली असती. जेवायला वाढायची, पाहुण्यांसमोर हसायची, माझ्या आईचं शेवटपर्यंत केलं. फक्त मला काही विचारायची नाही. मी उशिरा आलो तर का ते नाही, आजारी पडलो तर कुठे दुखतं तेही छबीकडून कळून घ्यायची. आणि शपथ तर मानेवर तशीच. घरात मला थाप मारता येईना. छबी मांडीवर बसून म्हणायची, बाबा, बिबट्याची सांगा ना, सगळे म्हणतात तुम्ही सांगता. मी तोंड उघडायचो. शैलजा पेपर तपासताना नुसती मान वर करायची. राग नाही, काही नाही, वर्गात एखादी मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली की बघतात तसं. आणि मी म्हणायचो, मांजर होतं गं. झोप आता.

माझी लेक माझ्या गोष्टी लोकांकडून ऐकत मोठी झाली.

मी वाट बघत होतो, ती एकदा विचारेल, गाडी सुटली होती का. विचारलं की सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. शपथेवर होतोच, खोटं बोलता आलं नसतं. एकेचाळीस वर्षं मी त्या एका प्रश्नासाठी तयार होतो.

शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती. तिच्याच हाताखालची एक विद्यार्थिनी रोज येऊन तपासून जायची, तिला शैलजा "हृदय नीट ऐक, घाई करू नकोस" म्हणून दटावायची. एक दिवस दुपारी छबी जरा पडली होती. मी पायथ्याशी बसलो होतो. मी म्हणालो, "त्या दिवशी गाडी उभी होती."

तिने डोळे उघडले नाहीत.

"मागचं चाक काढलं होतं," ती म्हणाली. "बाबालाल दुसऱ्याच दिवशी सांगून गेला. विचारायला आला होता, वहिनी का नाही आल्या."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी तिचा हात धरला. हाताला वजनच राहिलं नव्हतं.

"सांगितलं ना आता," मी म्हणालो. "आता तरी म्हण, सुटली."

तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, म्हणते. ओठाचा कोपरा हललासुद्धा, त्या सकाळसारखा.

"किती वाजले?" तिने विचारलं.

एकेचाळीस वर्षांत तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी घड्याळ बघून खरं सांगितलं. तिने मान वळवली, भिंतीवरचं घड्याळ स्वतः पाहिलं, आणि मग डोळे मिटले.

त्यानंतर ती चार दिवस होती, पण बोलण्याजोगी नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या गुजरवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनीच आधी पाहिलं. कपाळाला हात लावला, नाकाशी धरला, आणि चहाची किटली खाली ठेवून त्या छबीला म्हणाल्या, "सुटली गं बिचारी."

मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ मोठ्याने सांगितली. कुणी विचारली नव्हती.